मीटअपला जायचं तरी कशाला?

सेमीकोलन
दोन वर्षं नेमाने प्रोग्रामरांच्या मीटअपला गेलो. पदरात पडलं काय, तर गठ्ठाभर व्हिजिटिंग कार्डं आणि 'एकदा निवांत बोलू' म्हणून गायब झालेली माणसं. उलट एका ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या लायब्ररीतले तीन-चार बग सोडवले, तर ती सांभाळणाऱ्या मेंटेनरने आपणहून कामाचं विचारलं. त्याचा चेहरा मी आजतागायत पाहिलेला नाही. लिनस टोरवाल्ड्सनेही १९९१ मध्ये आपल्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमची बातमी दिली ती न्यूजग्रुपवर, म्हणजे ऑनलाइन चर्चागटात, कुठल्या हॉलमध्ये नाही.

रात्रपाळी
कार्डं गोळा करायला गेलात तर कार्डंच मिळणार! माझं ऐका. एका भेटीत मी टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, आधी दिलेली एक कमांड शोधत वरचा बाण दाबत होते. वीसेक वेळा दाबला असेल. शेजारच्या बाईंना राहवेना. म्हणाल्या, "अगं, कंट्रोल-आर दाब की." दाबलं, दोन-तीन अक्षरं टाइप केली, कमांड हजर. पाच वर्षं नोकरी करून मला हे ठाऊक नव्हतं. आणि ऑनलाइन विचारणार तरी काय होते? आपलं काही अडलंय हेच माहीत नव्हतं.

सेमीकोलन
हे स्क्रीन शेअर करूनही दिसलं असतं.

शून्यापासून_मोजणारा
आणि भरवशाचं काय? एक्सझेड या फाइली लहान करणाऱ्या ओपन सोर्स टूलचं प्रकरण आठवा. 'जिया टॅन' नावाच्या खात्याने दोनेक वर्षं इमानेइतबारे पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवले, दमलेल्या मेंटेनरचा विश्वास मिळवला आणि २०२४ मध्ये त्यात बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घुसवलं. खात्यामागे कोण, हे कुणालाच माहीत नव्हतं. डेबियन या लिनक्सच्या प्रकल्पात डेव्हलपर व्हायचं तर आपल्या कीवर, म्हणजे डिजिटल ओळखीवर, जुन्या डेव्हलपरची सही लागते, आणि ती सहसा समोरासमोर भेटून, ओळखपत्र बघूनच होते. उगाच नाही.

मूकवाचक
गोष्ट अर्धीच सांगितलीत. ते पकडलं कसं? आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरला एसएसएच लॉगिनला, म्हणजे दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये दुरून शिरायला, अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं. त्याने खणत जाऊन कारण शोधलं आणि २९ मार्चला जाहीर मेलिंग लिस्टवर मांडलं. जगभरचे लोक लगेच कामाला लागले. समोर बसून गोड बोलणारे ठक काय कमी असतात?
माझं म्हणाल तर मी बोलताना अडखळतो. हॉलमध्ये माझं वाक्य पुरं होईस्तोवर विषय पुढे गेलेला असतो. लिहिताना मला मध्येच कुणी तोडत नाही.

रात्रपाळी
हे मात्र माझ्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. इंटरनेटची तांत्रिक मानकं ठरवणारे आयईटीएफवाले वर्षातून तीनदा भेटतात, पण हॉलमध्ये ठरलेलं मेलिंग लिस्टवर पक्कं व्हावं लागतं. न आलेल्यालाही बोलता येतं. तरी बाण दाबणारी माझी बोटं लिस्टवर कुणाला दिसली नसती, एवढं म्हणणं मी सोडणार नाही.

सेमीकोलन
खरं सांगू? कंट्रोल-आर मलाही माहीत नव्हतं. पण मला ते घरबसल्या कळलं, हे लक्षात घ्या.