‘पश्चात्ताप’ होतो की करायचा असतो?

प्रश्न : एरवी आपण ‘मला पश्चात्ताप झाला’ असे म्हणतो. मग मराठी बायबलमध्ये ‘पश्चात्ताप करा’ अशी आज्ञा कशी येते? शिवाय काही ख्रिस्ती मित्र ‘पापापासून पश्चात्ताप’ असा प्रयोग करतात. तेथे ‘पापाचा’ असे नको का?

उत्तर : ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून आणि ‘ताप’ म्हणजे जळणे, म्हणून लिहिताना जोड ‘त्ता’ हवा, सर्रास दिसणारे ‘पश्चाताप’ हे रूप अशुद्ध आहे. शब्दाच्या पोटात एवढीच मागाहूनची जळजळ आहे, आणि त्याचेच घरगुती रूप असलेल्या ‘पस्तावा’त तर तीही निवून नुसती हळहळ उरते. जळजळ कोणाच्या सांगण्यावरून होत नाही, म्हणून आपल्या तोंडी ‘होणे’ हेच क्रियापद बसले आहे.

बायबलचा उत्तरार्ध असलेल्या नव्या कराराच्या मूळ ग्रीकमध्ये मात्र ‘मेटानोइया’, म्हणजे मन पालटणे, असा शब्द आहे, आणि जुन्या करारात संदेष्ट्यांच्या तोंडी वारंवार येणारे ‘शूव’ हे हिब्रू क्रियापद तर सरळ माघारी फिरणेच सांगते. फिरणे ही कृती असल्यामुळे तिची आज्ञा देता येते. भाषांतरकारांनी प्रचलित शब्द घेतला, पण त्याला क्रियापद ‘करणे’ हे जोडले, आणि त्या एका जोडणीने ख्रिस्ती मराठीत शब्दाचा अर्थ सरकला. ‘पापापासून’ मधला ‘पासून’ त्याचीच खूण आहे : जळजळ पापाची किंवा पापाबद्दल होते, पण फिरायचे ते पापापासून. म्हणून हा प्रयोग व्याकरणाला खटकला तरी मी त्याला चूक म्हणणार नाही.

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात (3:19) तर ‘पश्चात्ताप करा व वळा’ अशी दोन्ही क्रियापदे शेजारी शेजारी येतात. उलट लूकच्या शुभवर्तमानाच्या 15व्या अध्यायातील उधळ्या पुत्राच्या दाखल्यात, 11व्या ओवीपासून शेवटपर्यंत, ‘मेटानोइया’ हा शब्द एकदाही येत नाही. बापाकडून घेतलेली संपत्ती उधळून डुकरे चारायची पाळी आलेला तो मुलगा शुद्धीवर येतो, उठतो आणि बापाच्या घरची वाट धरतो. लूकमधल्याच जक्कय या जकातदाराच्या तोंडीही हा शब्द नाही, तो अर्धी मालमत्ता गरिबांना आणि लुबाडलेले चौपट परत देऊ करतो. याउलट येशूला धरून देणाऱ्या यहूदा या शिष्याने त्याबद्दल मिळालेली चांदीची तीस नाणी परत केली तेथे शुभवर्तमानकार मत्तयाने मुद्दाम ‘मेटामेलोमाई’ हे वेगळे क्रियापद वापरले आहे. त्याला आपला ‘पस्तावणे’ चपखल बसतो, कारण त्याला जळजळ झाली पण तो परतला नाही.

आमच्या मंडळीतील एक वृद्ध बाई प्रार्थनेत ‘पश्चात्ताप’ हा शब्द कधी उच्चारीत नसत. ‘प्रभू, मला फिरव’ एवढेच म्हणत. हिब्रू त्यांच्या कानावरूनही गेली नसावी.

पुरवणी प्रश्न : मग ‘प्रायश्चित्त’ याच अर्थाने चालेल का?

उत्तर : सावधपणे. व्यवहारात प्रायश्चित्त चुकणारा घेतो किंवा भोगतो, आणि कॅथलिक वापरात पापनिवेदनानंतर धर्मगुरू जे करायला सांगतात त्यालाही प्रायश्चित्त म्हणतात. प्रोटेस्टंट उपदेशात मात्र ते ख्रिस्ताने वधस्तंभावर आपल्यासाठी केलेले असते. तेव्हा ‘मी पापाचे प्रायश्चित्त केले’ हे वाक्य एका चर्चमध्ये सहज खपेल, तर दुसऱ्या चर्चमध्ये ऐकणाऱ्याच्या भुवया उंचावतील.