ऊन-पावसाचा खरा विचार केलेल्या नव्या इमारती कुठल्या? (बेळगावात घर बांधायचंय)

अनगोळकर:
नमस्कार मंडळी. गणेशपूरकडं प्लॉट घेतलाय, दिवाळीनंतर घराचं काम काढायचं म्हणतोय. इंजिनियरकडं गेलं की आधी एलिव्हेशनच दाखवतात, समोर काच, एसीपी (अॅल्युमिनियमच्या पॅनेलचं आवरण), चौकोनी डबा आणि छज्जा नावाला. आपल्याकडं पावसाळ्यात पश्चिमेकडनं जी झड येते ती भिंतीवर आपटून आपटून आतल्या कपाटापर्यंत ओल येते, कपड्यांना बुरशी लागते, हे इथल्या कुणाला सांगायला नको. शहापूर-वडगावातल्या जुन्या कौलारू घरांना पुढं पडवी होती, भिंत कोरडी राहायची. पण मला जुन्या घराची नक्कल नकोय, आजच्या काळातलं घर पाहिजे. तर असा विचार करून बांधलेल्या आधुनिक इमारती कुठल्या आणि त्यात नेमकं काय केलंय ते सांगा. जाऊन बघता येण्यासारख्या असल्या तर फारच बरं.

चोर्लाघाट:
पयला पणजीला जावा. कंपालची कला अकादमी, आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांची. आपल्यातले किती जण तिथं नाटकं बघून आलेत पण इमारत अशी कोण बघत नाही. मांडवीच्या काठाला आहे पण उंच होऊन छाती काढून उभी नाही, बसकी आहे, आणि रस्त्यावरनं आत शिरलं की वर छप्पर, बाजू मोकळ्या, तसंच चालत चालत नदीपर्यंत जाता येतं. आत आलो कधी आणि बाहेर पडलो कधी ते कळतच नाही.

आणि तुम्ही पडवीचं काढलंच आहे तर त्यांचीच मुंबईची कांचनजंगा, 1983 ची. 28 मजले, फ्लॅट फक्त 32. मुंबईत समुद्र पश्चिमेला, वारा तिकडनंच येतो, पण दुपारचं ऊन आणि पावसाचा मारा पण तिकडनंच. जुन्या बंगल्यांना भोवती व्हरांडा असायचा तो ह्यासाठीच. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून टॉवरमध्ये घातला, कोपऱ्यात दोन मजले उंचीची गच्ची-बाग केली आणि खोल्या तिच्या मागं सरकवल्या. रस्त्यावरनं मान वर करून बघितलं तरी ते मोठे चौकोनी कोपरे दिसतात. तुमचा प्रश्न हाच आहे की ओ, फक्त तुमच्याकडं जमीन आहे.

हिंडलग्याची_मावशी:
बेंगळूरला जाणं होत असेल तर बन्नेरघट्टा रोडचं आयआयएम बघा. आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींचं, 2018 ला त्यांना प्रित्झकर, म्हणजे आर्किटेक्टांचं जगातलं मोठं बक्षीस, मिळालं. आयडिया फत्तेपूर सिक्रीवरनं घेतली म्हणतात, म्हणजे एक मोठी बिल्डिंग नाही, चौक आणि त्यांना जोडणाऱ्या लांब लांब वाटा. त्या वाटा तीन मजले उंच आहेत, कुठं वर छप्पर, कुठं नुसत्या काँक्रीटच्या पट्ट्या, कुठं सरळ आभाळ. भिंती खडबडीत ग्रॅनाइटच्या, प्लास्टर नाही, रंग नाही. दुपारी पट्ट्यांची सावली फरशीवर सरकत असते आणि वेली खाली लोंबतात, मला तिथनं निघावंसं वाटेना. पण एक सांगते, पट्ट्यांचं छप्पर बेंगळूरला चालतं, आपल्या जुलैत तिथं कुणी उभंसुद्धा राहणार नाही. घ्यायचं तर चौक घ्या, वरचं उघडं छप्पर नको.

गवंडीकाम:
मी ह्याच धंद्यातला. आर्किटेक्ट लॉरी बेकर यांचं काम बघा, तिरुवनंतपुरमचं सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीज. तिथला पाऊस आपल्यापेक्षा काय कमी नाही. त्यांचा रॅट ट्रॅप बाँड म्हणजे वीट आडवी न ठेवता कडेवर उभी लावायची, भिंत 9 इंचीच होते पण मध्ये पोकळी राहते. विटा साधारण 25 टक्के वाचतात, सिमेंट कमी लागतं, पोकळीतल्या हवेमुळं ऊन आत लवकर पोचत नाही. दुसरं फिलर स्लॅब. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट ताण घेत नाही, ताण सळी घेते, मग सळ्यांच्या मधल्या जागेत कौलं बसवायची. वजन कमी, काँक्रीट कमी, आणि खालनं कौलं दिसतात ती छान दिसतात. खानापूरची वीट-कौलं आपल्या दारात आहेत, वापरा की. फक्त लाइटचे पाइप कुठनं न्यायचे ते भिंत उचलायच्या आधी ठरवा, नंतर खाचा मारायला ही भिंत चालत नाही.

कौलारू:
लांबचं एक नाव. आर्किटेक्ट फ्रान्सिस केरे, आफ्रिकेतल्या बुर्किना फासोचे, 2022 चं प्रित्झकर त्यांना. त्यांनी स्वतःच्या गांडो गावात 2001 ला शाळा बांधली, मातीत थोडं सिमेंट घालून दाबलेल्या विटा, बांधायला गावचीच माणसं. पत्रा थेट खोलीवर ठेवला नाही. खोलीला विटांचं भोकंभोकं असलेलं वेगळं छत, त्याच्या बरंच वर सळ्यांच्या कैच्यांवर पत्रा. गरम हवा भोकांतनं वर जाते, मधनं वारा घेऊन जातो. पत्रा चारी बाजूंनी भिंतीच्या लांब पुढं आलाय म्हणून मातीची भिंत पावसात टिकते. आपण गळतीला कंटाळून स्लॅबवर पत्रा मारतोच की, तोच आधीपासून डिझाइनमध्ये धरला आणि चांगला पुढं काढला तर घर देखणं पण होईल.

अनगोळकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. पणजीला ह्याच महिन्यात जातो. गवंडीकाम, पश्चिमेची भिंत रॅट ट्रॅपची उघडी वीट ठेवली तर झड सोसेल का?

गवंडीकाम:
उघडी नको. पश्चिमेला बाहेरनं प्लास्टर करा नाहीतर 4 फुटी पडवी काढा. माझं मत पडवी. बाकी तीन बाजू उघडी वीट ठेवा, फक्त सांधे नीट भरून घ्या.