वणी-झरी भागातलं पदवी कॉलेज आणि स्थानिक रोजगार: नवा कोर्स आखायचा कसा?

प्रश्न — विज्ञानशाखा_वणी

नमस्कार. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी तालुक्यातल्या कॉलेजसाठी विचारतो आहे. अमरावती विद्यापीठाशी संलग्न, स्वायत्त नाही. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. तिन्ही शाखा आहेत. 40 किलोमीटरच्या आत वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स) कोळसा खाणी, राजूरच्या चुनाभट्ट्या, मुकुटबनचा सिमेंट कारखाना आणि जिनिंग-प्रेसिंग आहेत. तरी पदवी झाली की पोरं एकतर पुण्याची गाडी धरतात, नाहीतर स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत चार-चार वर्षं बसतात. संस्थेचा आग्रह ‘डेटा सायन्स’चं प्रमाणपत्र सुरू करा असा आहे. मला तीन गोष्टी कळत नाहीत. इथली गरज मोजायची कशी? अभ्यासक्रम विद्यापीठ ठरवतं, मग कॉलेजच्या हातात उरतं काय? आणि कारखान्यांशी करार होतात, फोटो निघतात, पण पोरं घेतली जात नाहीत, ती का?

उत्तर 1 — रोजगारनकाशा

सर, कोर्सचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा.

आधी 25-30 ठिकाणांची यादी करा आणि प्रत्येक ठिकाणी एक पानाचा कागद भरून घ्या. “तुम्हाला कोणती कौशल्यं हवीत?” हा प्रश्न विचारूच नका. “मुलं स्मार्ट हवीत, बोलता यायला हवं” एवढंच उत्तर मिळेल आणि त्यावर अभ्यासक्रम उभा राहत नाही. विचारायचं असं: गेल्या 12 महिन्यांत कोणती जागा रिकामी झाली? ती किती दिवस रिकामी राहिली? सध्या ते काम कोण ओढतंय? पगार किती? नवीन माणूस पहिल्या 3 महिन्यांत काय चुकवतो? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर हाच तुमचा अभ्यासक्रम. आणि हे एचआरच्या टेबलावर कळत नाही. लॅबचा शिफ्ट इनचार्ज, वजनकाट्यावरचा माणूस, जिनिंगचा मुनीम यांच्याकडे जावं लागतं. खाण आणि सिमेंटमधली बरीच भरती ठेकेदारामार्फत होते, म्हणून ठेकेदारही यादीत हवेत.

बहुतेकांचा हिशेब इथेच चुकतो: ते पदं मोजतात, रिकाम्या जागा मोजत नाहीत. एखाद्या लॅबमध्ये 12 केमिस्ट असले तर ती दरवर्षी 12 माणसं घेत नाही, एखाद-दुसरा घेते. चार जागांसाठी 60 पोरांची बॅच काढली की दोन वर्षांत कोर्सवरचा विश्वास उडतो, आणि तो गावात परत मिळवणं फार कठीण. बॅच 15 ते 20 चीच ठेवा. शिकवायचं ते किमान तीन प्रकारच्या उद्योगांत चालेल असं निवडा. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियन यांना हात लावू नका, ते आयटीआयचं काम आहे आणि त्यांची यंत्रं तुमच्याकडे नाहीत. पदवीधराची जागा लॅब, खरेदी, नोंदी, हिशेब, दर्जा तपासणी इथे आहे.

उत्तर 2 — चुना_कोळसा

बी.एस्सी. रसायनशास्त्रापुरतं सांगतो. तुमच्याकडे निम्मी तयारी आधीच आहे. पाण्याचा कठीणपणा काढायला ईडीटीएचं (कॅल्शियमला बांधून ठेवणारं रसायन) अनुमापन, म्हणजे टायट्रेशन, पोरं करतातच. तेच चुनखडीवर करा: नमुना हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळवायचा, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम आड येऊ नये म्हणून ट्रायइथेनॉलअमाइन घालायचं, सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच 12 च्या वर न्यायचा आणि पॅटन-रीडर दर्शक लाल सोडून निळा होईपर्यंत टायट्रेट करायचं. 0.01 मोलर ईडीटीएचा 1 मिली म्हणजे 0.5608 मिलिग्रॅम कॅल्शियम ऑक्साइड. चुनाभट्टी आणि सिमेंट दोन्हीकडे हा आकडा रोज लागतो.

दुसरं, कोळशाचं प्रॉक्झिमेट विश्लेषण, म्हणजे त्यातला ओलावा, राख आणि व्होलाटाइल मॅटर (तापवल्यावर वायू होऊन उडून जाणारा भाग) काढणं, आयएस 1350 या भारतीय मानकाच्या भाग 1 प्रमाणे. सामान फार नाही: मफल भट्टी, ओव्हन, 0.1 मिलिग्रॅमचा तराजू, 212 मायक्रॉनची चाळणी, सिलिका क्रुसिबल (भट्टीत चालणारी वाटी), डेसिकेटर (ओलावा लागू न देणारं बंद भांडं). 1 ग्रॅम नमुना. ओलावा 108 अंशांवर. राखेसाठी नमुना थंड भट्टीत ठेवायचा, 30 मिनिटांत 500 अंश, पुढच्या 30 ते 60 मिनिटांत 815, आणि तिथे 60 मिनिटं. व्होलाटाइल मॅटर झाकण लावून 900 अंशांवर नेमकी 7 मिनिटं.

पोरं चुकतात ती अशी. भट्टी आधीच लाल झालेली असते, घाईत क्रुसिबल आत सरकवतात, कोळसा तडतडून कण बाहेर उडतात आणि राख कमी येते. बाहेर काढलेलं क्रुसिबल डेसिकेटरऐवजी टेबलावर निवू देतात, ते दमट हवा ओढतं आणि वजन वाढतं. व्होलाटाइलमधून ओलावा वजा करायचा राहतो. एकाच नमुन्याची दोनदा चाचणी घ्यायची सवय लावा. दोन आकडे जुळले नाहीत तर तिसऱ्यांदा करायची, मधला आकडा लिहून मोकळं व्हायचं नाही.

पण सगळ्यात मोठी चूक भट्टीच्याही आधी, नमुना घेताना होते. ट्रकच्या वरवरचा कोळसा उचलला तर पुढचं सगळं अचूक करूनही उत्तर खोटंच. ढीग करून, चपटा करून, चार भाग पाडून समोरासमोरचे दोन ठेवायचे आणि हे पुन्हा पुन्हा करत नमुना लहान करायचा. कोर्स 60 तासांचा धरला तर त्यातले 12 तास तरी यासाठी ठेवा. फावडं आणि ताडपत्री पुरे.

खाणीबद्दल एक खुलासा. सरदार, ओव्हरमन, शॉटफायरर या (खाणीतल्या देखरेखीच्या आणि सुरुंगाच्या) जागांना खाण सुरक्षा महासंचालनालयाचं प्रमाणपत्र लागतं. विद्यापीठाच्या कागदावर त्या मिळत नाहीत. ‘मायनिंग’ असं नाव देऊन पोरांची आशा वाढवू नका. तुमची जागा लॅब, काटा आणि रेल्वे सायडिंगवरच्या नोंदी इथपर्यंत. 18 वर्षांखालचा विद्यार्थी खाणीच्या हद्दीत पाठवायचाच नाही.

उत्तर 3 — गठाण170

कॉमर्सवाल्यांसाठी. बी.कॉम.ला जीएसटी शिकवतात, पण जिनिंगमध्ये रोज लागतं ते पुस्तकात एका ओळीत उरकलेलं असतं. शेतकऱ्याकडून थेट घेतलेल्या कापसावरचा कर 15 नोव्हेंबर 2017 पासून घेणाऱ्यावर आहे, म्हणजे आरसीएम (रिव्हर्स चार्ज). सेल्फ इन्व्हॉइस, म्हणजे खरेदीचं बिल आपणच, मुनिमाने बनवायचं, कर रोख खात्यातून भरायचा, मग त्याचं क्रेडिट (भरलेल्या कराची वजावट) घ्यायचं. नवीन पोरं तो कर जुन्या क्रेडिटमधून वळता करायला जातात. तसं चालत नाही. राज्यातल्या राज्यात ई-वे बिलाची मर्यादा महाराष्ट्रात 1 लाख आहे, हेही ठाऊक नसतं.

सोबत मालाचा मेळ शिकवा. 1 क्विंटल कापसातून ढोबळ 34 किलो रूई, बाकी सरकी आणि घट. 170 किलोची एक गठाण म्हणजे साधारण 5 क्विंटल कापूस. महिनाअखेर कापूस, रूई, सरकी, घट यांची बेरीज बसली नाही तर कुठे शोधायचं, हा एक धडाच करा. ओलाव्याचं मीटर हातात द्या. सीसीआय (भारतीय कापूस महामंडळ) 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव देते, त्यापुढे 12 पर्यंत कपात आणि 12 च्या वर खरेदी नाही. मीटर ट्रॉलीच्या वरच्या थरातच खुपसलं तर वाळलेला कापूस मोजला जातो. पाच-सहा जागी, आतून आणि सारखा दाबून मोजायचं.

आता हंगाम. जिनिंग दिवाळीच्या सुमारास सुरू होते आणि मार्चपर्यंत आटोपते. मे महिन्यात इंटर्नशिप ठेवली तर पोरं बंद मशीन बघून येतील. सहाव्या सत्राचं 4 क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग म्हणजे 120 तास, 8 तासांप्रमाणे 15 दिवस. ते जानेवारी-फेब्रुवारीतच बसवा आणि वेळापत्रक ऑगस्टमध्येच ठरवा.

उत्तर 4 — ग्रामसभा_नोंदी

बी.ए.च्या पोरांना विसरू नका. झरी-मारेगाव पट्ट्यात पेसा (आदिवासी भागात ग्रामसभेला अधिकार देणारा कायदा) आणि 2006 चा वनहक्क कायदा लागू आहे. ज्या ग्रामसभा स्वतः तेंदूपत्ता विकतात त्यांना नोंदी ठेवणारा माणूस मिळत नाही: 70 पानांचा पुडा, 1000 पुड्यांची गोणी, कुटुंबवार मजुरी, ठराव, लिलावाची कागदपत्रं, बँक मेळ. तेंदूची फळी (पानं गोळा करण्याचं केंद्र) मे महिन्यात चालते, म्हणजे उन्हाळी इंटर्नशिपचे दिवस यांना बरोबर जुळतात. गोंडी किंवा कोलामी बोलणारी मुलं इथे दोन पावलं पुढे असतात. निवड करताना त्याला गुण द्या.

विज्ञानशाखा_वणी

फार उपयोगी, सगळ्यांचे आभार. पण हे विद्यापीठाच्या चौकटीत बसवायचं कसं?

उत्तर 5 — अभ्यासमंडळ

पहिलं वर्ष कुणाची वाट बघू नका. 30 तासांचा अ‍ॅड-ऑन कोर्स कॉलेज स्वतः चालवू शकतं आणि तो नॅकमध्ये (कॉलेजच्या मूल्यांकनात) मोजला जातो. त्याची हजेरी, प्रात्यक्षिकाचे गुण, कुठे कोण लागलं याचा तक्ता ठेवा. तो तक्ता जोडून 2 क्रेडिटच्या व्हीएससीचा (व्होकेशनल स्किल कोर्स) प्रस्ताव अभ्यास मंडळाकडे द्या. 1 क्रेडिटला प्रात्यक्षिकाचे 30 तास धरून एकूण 60. प्रस्ताव तिथून विद्याशाखा आणि विद्या परिषदेकडे जातो. घटकवार तास, उपकरणांची यादी, परीक्षेची पद्धत आणि शिकवणाऱ्याची पात्रता यातलं काही सुटलं की तो परत येतो. लगतची दोन-तीन कॉलेजं सोबत घेतली तर “एका कॉलेजसाठी कशाला” हा आक्षेप राहत नाही.

कराराचं विचारलंत. करारात संख्या नसते, म्हणून पोरं घेतली जात नाहीत. पुरवणी पान जोडा: किती विद्यार्थी, कोणत्या तारखा, कोणता विभाग, देखरेख कोणत्या पदाची, बूट-हेल्मेट कोण देणार, अपघात विमा कोणाचा. दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. 30 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला 2019 च्या नियमांप्रमाणे 2.5 ते 15 टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. त्यांना पदवीधर शिकाऊंच्या जागा एनएटीएस या केंद्र सरकारच्या शिकाऊ उमेदवारी पोर्टलवर टाकायला सांगा आणि पोरांची नोंदणी पाचव्या सत्रातच करून घ्या. लहान जिनिंगवर ही सक्ती नाही. तिथे मुनिमाच्या ओळखीनेच काम होतं.

रोजगारनकाशा

एक राहिलं. पुरवणी पानात शिफ्टची वेळ लिहून घ्या आणि त्यापुढे परतीच्या शेवटच्या एसटीची वेळ लिहा. मुकुटबनकडची सेकंड शिफ्ट रात्री सुटते. गाडीची सोय कागदावर नसेल तर चौथ्या दिवसापासून मुली येणं बंद होतं आणि अहवालात ‘विद्यार्थिनींना रस नाही’ असं लिहिलं जातं. मुलींना जनरल शिफ्टची लॅब आधी मागा.