मदत हवी आहे: माइंझचा कार्निव्हल, दोन मुलं आणि सासू-सासरे

मंडळी, आम्ही फ्रँकफर्टजवळ राहतो. 2027 चा रोझेनमोंटाग, म्हणजे कार्निव्हलचा मुख्य सोमवार, 8 फेब्रुवारीला येतोय आणि तेव्हा सासू-सासरे आमच्याकडे असतील. त्यांना माइंझ शहरातली सोमवारची मोठी मिरवणूक दाखवायचीच, असं नवऱ्याने मनावर घेतलंय. सासरे म्हापशाचे. पणजीची किंग मोमोवाली (कार्निव्हलच्या राजाची) मिरवणूक त्यांनी इतकी वेळा पाहिली आहे की कार्निव्हल म्हटल्यावर ते हुरळून जाणार नाहीत. अडचण थंडीची आणि त्यांच्या गुडघ्यांची. धाकटी चार वर्षांची, बँड जवळ आला की कान झाकून रडते. मोठ्याला मावळा व्हायचंय, तलवारीसकट.

बाबागाडी नेता येते का? म्हाताऱ्या माणसांना टेकायला जागा मिळते का? रथांवरून फेकतात त्या गोळ्या शाकाहारी असतात का? सासूबाई अंडंसुद्धा खात नाहीत. आणि पिऊन धिंगाणा कितपत असतो? ऑफिसात एक जण म्हणाला मुलांना नेऊच नका, दुसरी म्हणाली मुलांशिवाय काय मजा!

प्रतिसाद
ताई, सोमवार सोडा, शनिवारी जा. 6 तारखेला माइंझमध्येच युगेंडमास्केनत्सूग, म्हणजे मुलांची वेशभूषा मिरवणूक असते. शाळेचे वर्गच्या वर्ग एकसारखे कपडे करून चालतात, कुणी मधमाश्या, कुणी पेन्सिली, बरंचसं घरी नाहीतर वर्गात शिवलेलं-चिकटवलेलं. माझ्या मते मुलांना हीच मिरवणूक जास्त आवडते, कारण चालणारी त्यांच्याच वयाची असतात. सोमवारी पुढे उभं राहायचं तर फार लवकर जाऊन जागा धरावी लागते. मिरवणूक 11 वाजून 11 मिनिटांनी निघते आणि पुढे कित्येक तास चालते. सासऱ्यांचे गुडघे तेवढं उभं राहणार आहेत का? कुठल्याही दिवशी गेलात तरी घडीची खुर्ची न्या आणि मागे, भिंतीला लागून बसवा. बाबागाडी मात्र घरी ठेवा.

प्रतिसाद
वरच्यांशी अर्धाच सहमत. शनिवार मुलांसाठी उत्तम, पण राजकारण्यांची टर उडवणारे रथ सोमवारीच दिसतात, आणि कागदाच्या लगद्याची ती अवाढव्य मुंडकी, श्वेल्क्योप, बघायलाही खरा सोमवारच. सासऱ्यांना कदाचित त्यातच रस वाटेल. (तुमची धाकटी मात्र मुंडकी बघून किंचाळेल.) एवढं लांब नकोच असेल तर रविवारी फ्रँकफर्टमध्येही मिरवणूक असते आणि मंगळवारी तिथल्याच हेडर्नहाइम भागाची, तिला 'क्ला पारिस' म्हणतात. पिणारे सगळीकडे भेटतील, पण सकाळी कमी, दुपारनंतर जास्त. अंधार पडायच्या आत घरी या.

प्रतिसाद
गोळ्यांबद्दल: रबरासारखी ताणली जाणारी गोळी दिसली की जिलेटिन आहे असंच धरून चाला, ते बहुतेक डुकराचं असतं. सुट्या गोळीवर घटक छापलेले नसतात, त्यामुळे सासूबाईंसाठी घरून तिळगूळ न्या. क्रेपेल नावाचे तळलेले गोड गोळे सगळीकडे दिसतील, त्यांत अंडं असतं. मुलांना कापडी पिशवी द्या. आमच्या शेजारच्या आजी छत्री उलटी धरतात, एक गोळी खाली पडू देत नाहीत. धाकटीला कानावरचे हेडफोन घाला, मोठा आवाज रोखणारे मिळतात ते.

मावळा झकास! पण तलवार पुठ्ठ्याची, आणि जाकीट अंगरख्याच्या आत. नाहीतर फोटोत मावळा नाही, नुसतं जाकीट येतं. माइंझमध्ये ओरडायचं 'हेलाउ'. 'आलाफ' कोलोनवाल्यांचं, ते चुकूनही नको.

मूळ प्रश्नकर्ती
सगळ्यांचे आभार. शनिवार पक्का. नवरा म्हणतो सोमवारी रजा टाकून एकटा जाईन, जाऊ दे. एकच राहिलं: परत येताना एस-बानमध्ये (इथली लोकल) सासऱ्यांना बसायला मिळेल का?

प्रतिसाद
मिरवणूक संपेपर्यंत थांबलात तर कठीण. शेवटची पथकं सोडून द्या, स्टेशनवर अर्धा तास आधी पोचा, आणि मुलांना तिथल्या टॉयलेटला नेऊनच गाडीत बसा. सुटं नाणं जवळ ठेवा.