मदत हवी आहे: कॅन म्हणाला की कॅन्ट, ऐकून कळतच नाही

वैतागलेला_पुणेकर: लवकर सांगा, साडेसातला परत कॉल आहे. क्लायंट म्हणाला 'आय कॅन डू थर्सडे', निदान मला तसंच ऐकू आलं, मी मीटिंग लावली, आठ जण येऊन बसले आणि हा पठ्ठ्या गायब. वर चॅटवर म्हणतो, मी जमणार नाही म्हटलं होतं. फरक ओळखायचा कसा??

घाटावरचा: क्लायंट कुठला?

लंडनवासी_काकू: अरे सोपंय. 'कान्ट' म्हणतात, आ चांगला लांब. इथे अकरा वर्षांत एकदाही गोंधळ नाही झाला माझा.

वैतागलेला_पुणेकर: काकू, ओहायोचा आहे हो. लिहायचं राहिलं.

घाटावरचा: मग ट शोधत बसू नकोस, अमेरिकन लोक तो गिळतात, घशात नुसता अडकल्यासारखा थांबतो. स्वर ऐक. जमणार असेल तर 'आय कन् डू', कन् अगदी उरकून टाकलेलं आणि जोर डू वर. नसेल जमणार तर कॅ पूर्ण, ठसठशीत. म्हणजे मधे स्पष्ट कॅन ऐकू आलं की बहुतेक नाहीच समज.

नियमावली: कॅनॉट हा सहसा एकच शब्द लिहितात, तोडून लिहिलेला कमी दिसतो.

घाटावरचा: कोणी विचारलं?

बाईंचा_विद्यार्थी: त्यापेक्षा 'अनेबल टू' वापरायचं, प्रश्नच मिटला.

लंडनवासी_काकू: अहो, बोलणारा क्लायंट आहे, त्याला काय शिकवणार? आणि अनेबल टू पत्रात ठीक, बोलताना 'आय कान्ट मेक इट' नाहीतर 'आय वोन्ट बी एबल टू'. आपलीच मंडळी कॉलवर 'आय अ‍ॅम नॉट एबल टू हिअर यू' म्हणत बसतात, ते सरळ 'कान्ट हिअर यू' म्हणून मोकळे.

गप्पीदास: पण गंमत बघा, मला पोहता येत नाही आणि आज पोहायला जमणार नाही, आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टी, त्यांचं दोन्हीकडे कॅन्टच. आणि दार उघडत नसेल तर 'द डोअर वोन्ट ओपन', जसं काही दार रुसलंय.

स्वस्त_आणि_मस्त: हेडफोन कुठला वापरतोस? नॉइज कॅन्सलिंगवाला घे.

वैतागलेला_पुणेकर: कॉल झाला. मी विचारलं, 'सो थर्सडे इज अ नो?' म्हणाला, 'नो नो, आय कॅन.' कॅ पूर्ण, ठसठशीत. आता??

घाटावरचा: पुढे क्रियापद होतं का? वाक्य तिथेच संपलं तर होकारातही पूर्णच येतं. सांगायचं राहिलं.