मदत हवी आहे: बिझनेस इंटेलिजन्स की डेटा ॲनालिटिक्स? शनिवारी फी भरायचीये

नीलिमा_क
नमस्कार, पटकन सांगा प्लीज. एकाच क्लासचे दोन कोर्स आहेत, एक बिझनेस इंटेलिजन्स आणि एक डेटा ॲनालिटिक्स, दोन्हींत पॉवर बीआय (मायक्रोसॉफ्टचं रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअर), दोन्हींत डॅशबोर्ड (एकाच स्क्रीनवर आकडे आणि आलेख), आणि फीमध्ये बारा हजारांचा फरक. तिथल्या मॅडम म्हणतात जवळपास सारखंच आहे. मग बारा हजार कशाचे? कोणता घेऊ?

गिरणगाव
महाग कुठला ते तरी लिहा. सिलॅबस टाका. सध्या काय काम करता, शिक्षण काय? हे कळल्याशिवाय कोण काय सांगणार.

मंगेश७४
सरळ एसक्यूएल शिका, डेटाबेसमधून डेटा काढायची भाषा, क्लासबिस काही नको. अकरा वर्षं याच कामात आहे, आधी क्रिस्टल रिपोर्ट्स, मग टॅब्लो, आता जिकडेतिकडे पॉवर बीआय, क्वेरी मात्र तीच लिहितोय.

अनुस्वार
मंगेश, एक्सेलवर काम करणाऱ्या माणसाला पहिल्याच दिवशी जॉइन (दोन तक्ते जोडणं) शिकवलेत तर तो आठवड्यात सोडून देईल. आधी पॉवर क्वेरी करा, डेटा आणून साफ करायचं टूल, २०१६ पासून एक्सेलमध्येच आहे.

मंगेश७४
स्वतः डेटा काढता आला नाही तर जन्मभर आयटीवाल्यांच्या मेलची वाट बघत बसावं लागतं. मी बसलोय म्हणून सांगतोय.

शशी_काका
लॅपटॉप मॅक असेल तर लक्षात ठेवा, पॉवर बीआय डेस्कटॉप फक्त विंडोजवर चालतं. भाचीने घेतला आणि पंचाईत झाली.

नीलिमा_क
मॅक नाहीये काका. बीकॉम, दूध संघात आहे, रोजचा संकलनाचा रिपोर्ट एक्सेलमध्ये मीच काढते, कोणत्या संस्थेचं किती लिटर, फॅट किती, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) किती. ॲनालिटिक्सवाला महाग आहे. मागच्या आठवड्यात एका संस्थेचं म्हशीचं फॅट ६.९ वरून ६.३ वर आलं, मी लाल रंगात दाखवलं, साहेबांनी विचारलं का पडलं, मला काहीच सांगता आलं नाही. म्हणून तर शिकायचंय ना!

पुस्तकवेडा
बिझनेस इंटेलिजन्स हा शब्द आजचा नाही. आयबीएमच्या हान्स पीटर लुन यांनी १९५८ मध्ये त्याच नावाचा लेख लिहिला होता, आणि १९८९ च्या सुमारास हॉवर्ड ड्रेसनर यांनी तो रूढ केला.

गिरणगाव
छान माहिती, पण त्यांना शनिवारी फी भरायचीये.

कासारवाडी
नीलिमाताई, आधी तुमच्याच आकड्यांकडे बघू. एसएनएफ पण पडलं का? फॅट सगळ्या सभासदांचं कमी झालं की ठरावीक लोकांचं? रोज थोडंथोडं उतरलं की एका दिवसात?

नीलिमा_क
थांबा, सभासदवार शीट काढते.

नीलिमा_क
एसएनएफ होतं तिथेच आहे, ९ च्या आसपास. फॅट सगळ्यांचंच कमी, आणि ९ तारखेच्या सकाळच्या पाळीपासून एकदम. ८ च्या संध्याकाळी नेहमीसारखं होतं.

कासारवाडी
पाणी असतं तर दोन्ही पडलं असतं. चाऱ्यामुळे झालं असतं तर हळूहळू उतरलं असतं आणि प्रत्येकाचं वेगळं दिसलं असतं. पंधरा-वीस गोठे एकाच सकाळी सारखे बिघडत नाहीत, मला तर तिथल्या मिल्क ॲनालायझरवरच संशय आहे, कॅलिब्रेशन, म्हणजे मोजमापाची जुळणी, हललं असणार. त्याच दुधाचे नमुने गर्बरने (फॅट मोजायची प्रयोगशाळेतली पद्धत) ताडून घ्या, लवकर घ्या, फॅटवर भाव आहे म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ लोकांचे पैसे जातायत.
तुमचा रोजचा लाल-हिरवा रिपोर्ट म्हणजे बीआय, बिझनेस इंटेलिजन्स. ठरलेले आकडे, ठरलेल्या वेळी, सगळ्यांना एकच दिसणार. तो नसता तर हे कळलंच नसतं, त्यामुळे त्याला कमी लेखू नका. आत्ता शीट फोडून कारण शोधलंत ते ॲनालिटिक्स. उन्हाळ्यात दूध किती घटेल, पावडर किती ठेवावी, हा अंदाज काढणंही त्यातच येतं, आणि त्याला स्टॅटिस्टिक्स लागतं. नोकरीच्या जाहिरातींत दोन्ही नावं सर्रास मिसळलेली असतात, म्हणून नाव सोडा, सिलॅबसमध्ये स्टॅटिस्टिक्स आहे का ते बघा.

अनुस्वार
आणि पॉवर बीआय डेस्कटॉप फुकट आहे, डॅशबोर्डसाठी वेगळी फी भरू नका.

नीलिमा_क
संस्थेत फोन लावला. ८ ला रात्री मशीन बंद पडलं म्हणून दुसरं आणून लावलं होतं, आम्हाला कोणी कळवलंच नाही. गर्बरला सात नमुने लावले, सातही मशीनपेक्षा अर्ध्या पॉइंटाने जास्त आले. साहेबांनी ९ पासूनच्या फरकाचं बिल काढायला सांगितलंय, आज तेच करत बसलेय. कासारवाडी, मनापासून आभार. महागड्या कोर्समध्ये स्टॅटिस्टिक्स आहे, स्वस्तात नाही, तोच घेते.

मंगेश७४
त्यात एसक्यूएल किती तास आहे? फी भरायच्या आधी विचारा.