मदत हवी आहे: पाचव्या नंबरला टॅकल घ्यावा की रिसीव्हर?

पावसाळी_ढग
नमस्कार मंडळी. शुक्रवारी दुपारपर्यंत ठरवायचंय. फुटबॉलच्या ड्राफ्टमध्ये (संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तो) आमचा पाचवा नंबर आहे. टॅकल घ्यावा की रिसीव्हर? शोधून झालंय, तिथे जो तो वेगळंच सांगतो. मला मुद्दे हवेत, कारणांसकट. 'आधी खेळ समजून घ्या' हा सल्ला कृपया नको, तेवढा वेळ नाही.

पणजीकर
टॅकल म्हणजे डिफेंडर ना? मग डिफेंडरच घ्या, विचार कसला करता! आयएसएलचा २०१७ चा ड्राफ्ट आठवा. जमशेदपूरचा संघ नवा कोरा, पहिली निवड त्यांची, आणि त्यांनी उचलला कोणाला? अनस एडथोडिका. सेंटर बॅक. १ कोटी १० लाख मोजून. गोल करणारे परदेशातून आणता येतात, भरवशाचा भारतीय बचावपटू कुठून आणणार?

पावसाळी_ढग
अहो, अमेरिकन फुटबॉल! चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक, त्याला वाचवणारा टॅकल, त्याचा चेंडू झेलणारा रिसीव्हर. मी सिनसिनाटीत राहते, प्रोफाइलमध्ये लिहिलंय.

कट्ट्यावरचा_बंड्या
प्रोफाइल बघून प्रतिसाद देणारा माणूस मला अजून भेटायचाय. फँटसी लीग आहे का? असेल तर प्रश्नच मिटला. नेहमीच्या फँटसीत टॅकल घेताच येत नाही, त्याला गुणच नसतात. आणि खरा ड्राफ्ट असेल तर तुम्ही तिथल्या बेंगाल्स संघाच्या मालकीणबाई आहात का? तसं असेल तर तिकिटांचं बघा जरा.

पावसाळी_ढग
फँटसी नाही. ऑफिसात खेळ आहे. प्रत्येकाला एक जुना ड्राफ्ट दिलाय आणि पाच मिनिटं बोलायचंय. बेंगाल्स, दुसरं कोण असणार इथे? आता कृपया मुद्द्यावर या.

हिशेबनीस
जुना म्हणजे कोणत्या साली? पाचवा नंबर काय एकदाच आला असेल का?

पावसाळी_ढग
२०२१. टॅकल सूवेल की रिसीव्हर चेस.

बॅटनरूजची_सून
हे आधी सांगायचं ना! मग वाद कसला? जमार चेस. पहिल्याच मोसमात १,४५५ यार्ड, १३ टचडाउन, सर्वोत्तम नवोदित. संघ थेट सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात. २०२४ मध्ये १२७ झेल, १,७०८ यार्ड, १७ टचडाउन, तिन्हींत लीगमध्ये पहिला. आमच्याकडे चेसच्या कॉलेजचं, एलएसयूचं (लुईझियाना स्टेट), नाव काढलं की सासरेबुवा टीव्हीचा आवाज वाढवतात, त्यामुळे मी तटस्थ नाही हे कबूल. पण आकडे तटस्थ आहेत.

डेट्रॉइटचे_अण्णा
सूनबाई, चेसच्या त्याच पहिल्या मोसमात तुमच्या क्वार्टरबॅकला, बरोला, ५१ वेळा लोळवला (सॅक केला) हा आकडाही तटस्थच आहे. शिवाय प्लेऑफमध्ये टेनेसीत ९ वेळा आणि सुपर बोलमध्ये ७ वेळा. तो सामना २३-२० असा हरलात. चेंडू फेकायला माणूस उभाच राहिला नाही तर झेलणाऱ्याला घेऊन काय लोणचं घालायचं? पिनेय सूवेल सातव्या नंबरला आमच्या लायन्सकडे आला तेव्हा आमच्या घरात पेढे वाटले होते. आणि गंमत बघा, त्याच ड्राफ्टात चौथ्या फेरीत, ११२ व्या नंबरला, आम्हाला आमोन-रा सेंट ब्राउन मिळाला. रिसीव्हर असे मागूनही सापडतात. टॅकल सापडत नाहीत.

कट्ट्यावरचा_बंड्या
अण्णा, टॅकलही सापडतात हो. जॉर्डन मायलाटा सातव्या फेरीत, २३३ वा. ऑस्ट्रेलियाचा रग्बीवाला, त्याने त्याआधी हा खेळ कधी खेळलाच नव्हता. फिलाडेल्फियाने घडवला. बाख्तियारी चौथ्या फेरीतला.

डेट्रॉइटचे_अण्णा
अपवाद सांगू नका.

कट्ट्यावरचा_बंड्या
सेंट ब्राउन काय नियम आहे का मग?

किकमास्तर
या चर्चेत एक नाव कोणीच घेत नाही. इव्हन मॅकफर्सन. तोही त्याच ड्राफ्टातला, पाचवी फेरी. त्या प्लेऑफमध्ये १४ पैकी १४ किक. टेनेसीत शेवटच्या क्षणी ५२ यार्डांवरून, कॅन्सस सिटीत ओव्हरटाइममध्ये पुन्हा हाच. संघ सुपर बोलला गेला तो याच्या पायावर. किकरला कोणी माणसात धरत नाही, हा या खेळाचा दोष आहे.

कट्ट्यावरचा_बंड्या
म्हणून काय पाचव्या नंबरला किकर घ्यायचा? टँपा बेने २०१६ मध्ये दुसऱ्या फेरीत वर सरकून रॉबर्टो अग्वायो घेतला होता, वर्षभरात घरी पाठवला.

किकमास्तर
आणि रेडर्सनी २००० मध्ये पहिल्या फेरीत, १७ व्या नंबरला यानिकोव्स्की घेतला, तो वर्षानुवर्षं खेळला. सोयीचंच उदाहरण द्या तुम्ही.

हिशेबनीस
भावना बाजूला ठेवून पैशांकडे बघा. २०११ पासून नवोदितांचे पगार निवडीच्या क्रमांकाला बांधलेले आहेत. २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डचा सहा वर्षांचा करार ७ कोटी ८० लाख डॉलरचा होता. पुढच्याच वर्षी कॅम न्यूटनचा चार वर्षांचा सुमारे २ कोटी २० लाखांचा. म्हणजे पाचव्या नंबरला तुम्ही टॅकल घ्या, रिसीव्हर घ्या, नाहीतर मास्तरांचा किकर घ्या, चार वर्षांची किंमत तीच. मग बाजारात जी जागा सर्वात महाग, ती ड्राफ्टात स्वस्तात उचलायची. २०२१ च्या वसंतात वरचा रिसीव्हर होता हॉपकिन्स, वर्षाला २ कोटी ७२ लाखांच्या घरात. वरचा टॅकल ट्रेंट विल्यम्स, २ कोटी ३० लाखांच्या घरात. म्हणजे रिसीव्हर. धन्यवाद, फी नको.

मंदा_मावशी
पावसाळी, तुला पाच मिनिटं बोलायचंय ना? मग आरशासमोर उभं राहून बोल. आणि हातात कागद नको, हात थरथरले की कागद जास्त थरथरतो. मी महिला मंडळात वीस वर्षं सूत्रसंचालन केलंय. आदल्या रात्री दही खाऊ नकोस, घसा बसतो.

पावसाळी_ढग
मावशी, धन्यवाद. पण बाकीच्यांनी जे सुपर बोल, सेंट ब्राउन, ५१ सॅक वगैरे लिहिलंय त्यातलं काहीच चालणार नाही. ड्राफ्ट २९ एप्रिल २०२१ ला सुरू झाला. त्या दिवसापर्यंत जे माहीत होतं तेवढंच बोलायचंय. नंतरचं एक जरी वाक्य आलं तरी गुण कापतात. मला वाटलं हे उघड आहे, नाहीतर खेळात मजा काय?

कट्ट्यावरचा_बंड्या
उघड!! अहो, तासाभराचं पाणी गेलं ना पुलाखालून.

डेट्रॉइटचे_अण्णा
उत्तम. उलट आता खरी परीक्षा. निकाल लागल्यावर शहाणपण सगळ्यांनाच येतं. २९ एप्रिलला काय दिसत होतं ते मांडतो.

बरो पहिल्या वर्षी फक्त १० सामने खेळला आणि तेवढ्यात ३२ वेळा सॅक झाला. नोव्हेंबरमध्ये वॉशिंग्टनला डावा गुडघा गेला. संघ ४ विजय, ११ पराभव, १ बरोबरी. उजवा टॅकल बॉबी हार्ट मार्चमध्ये सोडून दिला. त्याच्या जागी आणला रायली रीफ, वय ३२, करार एका वर्षाचा. ही तात्पुरती ठिगळं. आणि रिसीव्हर? ए. जे. ग्रीन गेला हे खरं, पण टी हिगिन्स आणि टायलर बॉइड घरात होतेच.

आता माझं जखमेचं सांगतो. आमच्या लायन्सनी २००३ मध्ये चार्ल्स रॉजर्स, २००४ मध्ये रॉय विल्यम्स, २००५ मध्ये माइक विल्यम्स, असे लागोपाठ तीन वर्षं पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतले. २००७ मध्ये पुन्हा रिसीव्हर, कॅल्विन जॉन्सन, आणि तो तर अस्सल सोनं. २००८ मध्ये काय झालं? १६ सामने, १६ पराभव. जॉन्सन संघात असताना! हे मी थंडीत स्टेडियममध्ये बसून पाहिलंय. छत होतं म्हणा, पण थंडी मनातली.

बॅटनरूजची_सून
अण्णा, २००८ चा दोष रिसीव्हरांवर टाकू नका, त्या संघात सगळंच फाटलेलं होतं. आणि २९ एप्रिलपर्यंतचंच बोलायचं तर घ्या. २०१९ मध्ये एलएसयूत चेंडू फेकणारा बरो, झेलणारा चेस. ८४ झेल, १,७८० यार्ड, २० टचडाउन. बरोचे ६० टचडाउन, १५ पैकी १५ सामने जिंकले. दोघांना एकमेकांचे इशारे पाठ. नवा रिसीव्हर आणि क्वार्टरबॅक यांचं जुळायला वर्ष-दोन वर्षं जातात, इथे ती आधीच भरलेली. 

कट्ट्यावरचा_बंड्या
२०२० चा मोसम तो खेळलाच नाही, हेही सांगा.

बॅटनरूजची_सून
सूवेलही नाही खेळला. कोविडमुळे दोघंही बसून होते. फिट्टंफाट.

विदर्भवीर_७
मी फक्त वाचतोय. पण क्रिकेटवाल्यांसाठी: टॅकल म्हणजे नवा चेंडू खेळून काढणारा सलामीवीर समजा. तो टिकला की कोणी त्याचं नाव घेत नाही, तो गेला की सगळ्यांना कळतं.

पणजीकर
म्हणजे डिफेंडरच की! मी पहिल्याच प्रतिसादात सांगितलं होतं.

हिशेबनीस
एक प्रश्न. तुम्हाला बाजू निवडायची मोकळीक आहे की दिलेली आहे?

पावसाळी_ढग
दिलेली आहे. मला टॅकल. समोर लुईझियानाचा एक जण आहे, त्याला चेस.

हिशेबनीस
मग शीर्षकात 'की' कशाला?? मी एवढा रिसीव्हरचा हिशोब मांडला!

पावसाळी_ढग
समोरचा काय बोलेल ते कळायला नको का? तुमचा मुद्दा तो नक्की मांडणार, त्यामुळे उपयोग झालाच. त्याला उत्तर सांगा आता.

हिशेबनीस
(दीर्घ श्वास.) उत्तर आहे. पगाराचा तक्ता सांगतो की रिसीव्हर महाग. पण बेंगाल्सनी सर्वात महागडी वस्तू वर्षभरापूर्वीच घेतलेली आहे, बरो. त्याचा स्वस्त करार संपायच्या आत जे मिळवायचं ते मिळवायला हवं, आणि त्यातलं एक वर्ष गुडघ्यात गेलं. तो मैदानाबाहेर बसला की रिसीव्हरची किंमतही शून्य. विमा म्हणून टॅकल. हे मला स्वतःला पटलेलं नाही, पण पाच मिनिटांत खपेल.

डेट्रॉइटचे_अण्णा
ताई, तुमची बाजू टॅकल असेल तर हुकमाचं पान सांगतो. परीक्षक कोण?

पावसाळी_ढग
आमचे साहेब. इथलेच, जन्मापासून बेंगाल्सवाले. पण याचा काय संबंध?

डेट्रॉइटचे_अण्णा
सगळा संबंध त्याचाच! भाषणाची सुरुवात अँथनी मुन्योझने करा. १९८०, तिसरा नंबर, डावा टॅकल. कॉलेजात गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झालेल्या, लोक नको नको म्हणत होते, बेंगाल्सनी घेतला. ११ वेळा प्रो बोल (मोसमातल्या सर्वोत्तमांचा सामना), १९९८ मध्ये हॉल ऑफ फेम. २०२१ पर्यंत बेंगाल्स ज्या दोन सुपर बोलमध्ये खेळले, त्या दोन्हींत तो होता. साहेब तिथेच विरघळतील. आणि लगेच दुसरं नाव: जॉन रॉस. २०१७, नववा नंबर, रिसीव्हर. ४० यार्ड ४.२२ सेकंदांत धावला म्हणून घेतला, पुढे हातात काही आलं नाही. दहाव्या नंबरला कोण गेलं ते साहेबांनाच आठवू द्या.

कट्ट्यावरचा_बंड्या
मॅहोम्स, पुढे सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक. आई गं.

बॅटनरूजची_सून
मी विरोधी पक्षात, पण प्रामाणिकपणे सावध करते. आमच्या लुईझियानावाल्याला अक्कल असेल तर तो दोन गोष्टी काढेल. एक, २०१५: बेंगाल्सनी पहिल्या दोन्ही फेऱ्यांत टॅकलच घेतले, ओब्वेही आणि फिशर. दोन्ही फुसके निघाले. दुसरी गोष्ट जास्त वाईट. बरोचा गुडघा गेला तो खेळ पुन्हा बघा. पायावर आदळला तो वॉशिंग्टनचा जोनाथन ॲलन, आणि त्याला अडवायचं काम डाव्या गार्डचं, म्हणजे टॅकलच्या आतल्या बाजूला उभा असतो त्याचं, होतं. गार्डचं नाव मायकल जॉर्डन, हसू नका, खरंच. म्हणजे भिंत मधून पडली, कडेने नाही. टॅकल घेऊन ते भोक कसं बुजणार, असं विचारलं तर?

पावसाळी_ढग
हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. काय उत्तर द्यायचं?

डेट्रॉइटचे_अण्णा
खरं सांगायचं तर हा घाव वर्मी आहे. पण उत्तर आहे. सूवेल आला की कोणालातरी आत सरकवता येतं. जोना विल्यम्स, २०१९ चा ११ वा नंबर, डावा टॅकल. ड्राफ्टाच्या वेळेपासूनच काही जण म्हणत होते की हात आखूड आहेत, हा गार्ड शोभेल. सूवेल डावीकडे, विल्यम्स डावा गार्ड, रीफ उजवीकडे. एका निवडीत दोन जागा सुधारतात. चेस घेतला तर एकच.

कट्ट्यावरचा_बंड्या
नाहीतर विल्यम्सला हलवू नका, सूवेललाच उजवीकडे खेळवा. ओरेगनला तो डावीकडे होता, पण वय २० फक्त, शिकेल.

डेट्रॉइटचे_अण्णा
नको. तसं म्हटलं की समोरचा विचारणार, पाचवा नंबर उजव्या टॅकलवर घालवता? उजव्या टॅकलचा भाव डाव्यापेक्षा कमी. हिशेबनीस, बरोबर ना?

हिशेबनीस
त्या वेळी हो, बऱ्यापैकी कमी. आत सरकवण्याचाच मुद्दा घ्या.

पावसाळी_ढग
ठीक. मुन्योझ, रॉस, १० सामन्यांत ३२ सॅक, हार्ट गेला, रीफ एका वर्षाचा, विल्यम्स गार्डला. ओब्वेही निघालाच तर काय म्हणू?

डेट्रॉइटचे_अण्णा
तो २१ वा नंबर होता, हा पाचवा. शिवाय सूवेलला २०१९ मध्ये दुसऱ्याच वर्षात आउटलँड ट्रॉफी मिळाली, देशातल्या सर्वोत्तम लाइनमनची. ओब्वेहीच्या नावावर तसलं काही नव्हतं. एवढं बोला आणि लगेच पुढे जा, तिथे रेंगाळू नका.

किकमास्तर
पाच मिनिटांत तीस सेकंद उरले तर पाचव्या फेरीत किकर घ्यायचं सुचवा. ते २९ एप्रिलच्या नियमात बसतं, नाव नाही घ्यायचं फक्त.

मंदा_मावशी
आणि कोमट पाणी जवळ ठेव.